दीडशे मिली

डॉक्टर म्हणाले, आता तुमचं पोट दीडशे मिलीचं.
मी मनातल्या मनात घरातली भांडी धुंडाळली.
चहाचा कप नाही, आमटीची वाटी तर नाहीच.
देवघरातली ती नैवेद्याची चांदीची वाटी,
तिच्यात मावेल आता माझी सगळी भूक.

पहिले दिवस वरणाचं वरचं पाणी,
गाळून, चमच्याने, घड्याळ लावून.
श्रीरंग सकाळी दूध आणायला खाली जायचा
आणि तोंड स्वच्छ पुसून वर यायचा.
मिशीत शेव असायची.
मी बोलले नाही. शेव बारीक होती, लवंगाची.

चौथ्या महिन्यात एक जलेबी खाल्ली. चोरून.
पाटणीपुऱ्याच्या कोपऱ्यावर, स्कूटी चालूच ठेवून,
गरम, दोन घासांत, जुन्या सवयीने.
दहा मिनिटांत छाती धडधड, कपाळ ओलं,
हात असे थरथरायला लागले
की चावी फिरवता येईना.
ओट्यावर बसले. हलवायाने पाणी दिलं,
"दीदी, शुगर है क्या?"
हो म्हटलं.
खरं सांगण्यापेक्षा ते सोपं होतं.

मग चावायला शिकले. एकेक घास तीस वेळा.
मुलीचा होमवर्क घेताना मोजते तशी, ओठ हलवत.
पोह्यांत बडीशेप असते
हे मला इंदुरात जन्मून
चव्वेचाळिसाव्या वर्षी कळलं.
आधी मी खात नव्हते की काय?
खात होते. भेट होत नव्हती.

दिवाळीआधी पाटल्या कोपरापर्यंत चढायला लागल्या.
सराफ्यात नेऊन लहान करून घेतल्या.
सोनाराने माझ्यासमोर कापल्या, जोडल्या, तोलल्या,
आणि उरलेलं सोनं गुलाबी कागदात बांधून परत दिलं.
"गिन लीजिए, रत्तीभर कम नहीं."
मी पुडी हातात धरून उभीच राहिले.
माझ्या पोटातलं जे कापलं, ते कुठे गेलं?
त्याची पावती नाही, पुडी नाही.
बाराव्या वर्षी ज्याने एका बैठकीत अकरा कचोऱ्या जिरवल्या,
बाबा गेले त्या रात्री
फ्रीजसमोर उभं राहून ज्याने मला सांभाळलं,
ते एवढं जुनं माणूस
कुठल्याशा पिवळ्या पिशवीतून गेलं,
आणि मी तेव्हा झोपले होते.

काल रात्री तिथेच गेले, नफीसाबरोबर.
ती सियागंजची. आमचं ऑपरेशन एकाच दिवशी,
मी आधी, ती नंतर, भिंतीपलीकडून कण्हणं ओळखीचं.
दिवसा जिथे सोनं गुंजेवर तोलतात
तीच पायरी, शटर खाली, कढई वर.
थंडी. गराडूचा वास.
"एक प्लेट," नफीसा म्हणाली.
"दोघींत?" त्याने आमच्याकडे पाहिलं.
पूर्वी तोच आम्हाला न विचारता दुसरी द्यायचा.
"माल में कुछ कमी है, बहनजी?"
कमी मालात नाही रे बाबा.

चार तुकडे तिचे, तीन माझे,
वर मसाला, लिंबू, कडेला करपलेली कुरकुरीत साल.
एक फोड तोंडात धरून आम्ही दोघी
सोनार काटा स्थिर व्हायची वाट बघतो तशा
गप्प.
तिसऱ्या तुकड्याला माझं नाक गळायला लागलं.
पोट भरलं की आता नाक सांगतं, ढेकर नाही.
की मसाला तिखट होता.
की पिशवी आठवली.

नफीसाने ओढणीचं टोक पुढे केलं, काही विचारलं नाही.
द्रोणात एक फोड उरली होती.
"तू घे." "नको, तूच घे."
असं आम्ही आयुष्यात पहिल्यांदाच
खऱ्याखुऱ्या मनाने म्हणत होतो.