रिकाम्या गाडीचं वजन

दिवसा मी पिंपळगावच्या वजनकाट्यावर बसतो.
टोमॅटोची गाडी आधी भरलेली, मग रिकामी,
मधली वजाबाकी तेवढी खरी.
म्हणून कॅमेऱ्याला टोपण घालून
अंधाराचेही वीस फोटो काढतो.
पुंजाराम हसतो, "झाकून काय काढतो रे, येड्या?"
गाडी रिकामी तोलतोय, भाऊ.

जानेवारी. दिंडोरीच्या अलीकडे त्याची द्राक्षबाग.
दक्षिणेला नाशिकचा उजेड,
आभाळाच्या कडेला भुरी धरल्यासारखा.
मरीचीजवळ एक भोवरा आहे, डोळ्यांना न दिसणारा.
त्याचे तीन-तीन मिनिटांचे नव्वद फोटो.
एकेक पाहावा तर नुसता रवा सांडलेला.
चौपट काढा, खरखर निम्मीच होते.
आतबट्ट्याचा व्यवहार,
पण आभाळाकडे दुसरा भाव नाही.

चार वाजता पारा तीनवर.
मणी तडकतील म्हणून बागाबागांतून शेकोट्या पेटल्या.
मीही छाटणीच्या काड्या ओढत फिरलो.
कॅमेरा धुराआडून
एकटाच मोजत राहिला.

घरी वजनं लावली.
पहिल्या तासाला पूर्ण एक.
दव धरलं तिथून पाऊण.
त्रेसष्टपासून धूर, तिथे दोन दशांश, पुढे एक.
टाकला मात्र एकही नाही.
भिजल्या कांद्यालाही भाव असतो, कमी असतो इतकंच.

मग एकेका ठिपक्यावर नव्वदांची बैठक.
उपग्रहाची रेघ: एकाने पाहिली, एकोणनव्वदांनी नाही.
खोडली.
ओझरकडचं विमान, तेही खोडलं.
आणि रव्यातून हळूहळू
दोन फाटे वळत आले,
एकाच्या टोकाला लोंबणारा धाकटा सोबती.
तीन कोटी वर्षं जुना उजेड,
माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर.

प्रिंट घेऊन गेलो.
पुंजारामने चष्मा लावला, बराच वेळ शोधत राहिला.
"ती कुठंय? हिरवी, मोठी.
पडली तेव्हा हाक मारली व्हती तुला."
मी तेव्हा मान खाली घालून बॅटरी बदलत होतो.
सदतीस नंबर. कोपऱ्यातून गेलेली.
एकट्यानेच पाहिलेली, सरासरीत बसली नाही,
सांगितलं त्याला तसं.

त्याने फोटो परत दिला.
"मंग काटा तपासून घे एकदा,"
म्हणाला,
आणि फवारणीच्या पंपाकडे वळला.