चमचाभर पांढरं

विट्याच्या पुढं, माळावरच्या पत्र्याच्या शेडात
पुतणीनं, राजनंदिनीनं, बॅटऱ्यांचा ढीग लावलाय.
मोबाइलच्या, स्कूटरच्या, फुगून पोट सुटलेल्या.
एकीवर दुकानदाराच्या पेनानं अजून लिहिलेलं:
'शालनकाकू, अर्जंट'.

आधी मिठाच्या पाण्यात बुडवायच्या, ती सांगते,
उरलासुरला जीव निघून जातो.
मगच कापायच्या.
नाहीतर पेट घेतात.

मी सेलमला सदतीस वर्षं गलाई केली.
सराफाच्या दुकानातली झाडलोट विकत घ्यायचो,
पायपुसणी, फाटकी चटई, हात धुतलेलं पाणीसुद्धा.
जाळायचं, तेजाबात घालायचं, मुशीत ओतायचं.
गुंजभर निघालं की गावाकडं मनिऑर्डर.
खोकला तेवढा स्वतःकडं ठेवला.

म्हणून तिनं काळी पूड पुढं केली
तेव्हा मी आधी वास घेतला.
"काका, मास्क!"

सोन्याचा स्वभाव मला ठाऊक.
तेजाबात चांदी जाते, तांबं जातं,
ते आपलं तळाशी,
रुसलेल्या जावयासारखं बसून.
लिथियमचं निराळंच.
कोबाल्ट निघाला, निकेल निघालं,
हे पाण्यात लपलेलं,
पंगत उठल्यावर
वाढप्यानं जेवायला बसावं तसं
सगळ्यांच्या मागनं.

सोडा घालून ती पाणी तापवते.
अगं, तापवलं तर विरघळंल की, मी म्हणतो.
ती नुसती बघायला सांगते.
पाण्याला आधण येतं
आणि तळाशी पांढरं धरायला लागतं.
जितकं गरम, तितकं जास्त.
सदतीस वर्षांत
असलं उलट्या काळजाचं मीठ मी पाहिलं नव्हतं.

गाळून, वाळवून, चमचाभर.
पुण्याहून कुणी तपासायला येणार आहे,
पास झालं तर मोठी टाकी बसवायची.
हेच आपण परदेशातून पोत्यांनी आणतो, काका,
आणि घरातलं भंगारवाल्याला देतो, वर लसूण घेतो.

मी तराजू मागितला.
तिनं इलेक्ट्रॉनिक काटा सरकवला.
चौदा ग्रॅम.
भाव विचारला. तिनं सांगितला.
मी दुसरीकडं बघितलं.

निघताना मात्र
दारात जुना पेपर अंथरला,
त्यावर चपला झटकल्या,
सदऱ्याच्या बाह्या झटकल्या,
आणि पुडी बांधून
तिच्या टेबलावर ठेवली.