हातचा एक

खोलीत आम्ही अकरा जण, आणि पडद्यावर एक बंदर
जे कुठंच नाही.
नावसुद्धा नाही त्याला, नुसतं 'बंदर ब'.
चाळीस आठवड्यांत त्याला लाटा अडवणारी भिंत बांधायची,
म्हणजे आमच्या घड्याळात दोन दिवसांत.
सोमवारी ओतलेलं काँक्रीट
कॉफी निवायच्या आत शुक्रवारी वाळतं.

शिकवायला आलेला आस्गर ओरहूसचा.
बूट चकचकीत, बोलणं त्याहून.
म्हणाला, "इथं चुका. इथं चूक फुकट असते."
हानुस माझ्याकडं बघून हसला.
तीस वर्षं तोर्शहाव्हनच्या धक्क्यावर क्रेन चालवली त्यानं;
फुकटातली चूक त्यानं ऐकलीही नव्हती.

वेळापत्रक माझ्याकडं आलं, तिजोरी हानुसकडं.
नवव्या आठवड्यात दगडांची बोट आली नाही,
आमचं घोडं तिथंच पेंड खायला लागलं.
मी जादा कामाचं बटण दाबलं.
पुन्हा दाबलं.
वेल्डर क्रमांक सात, एक करडं वर्तुळ, चेहरा नसलेलं,
त्याच्या खालची हिरवी पट्टी पिवळी झाली,
मग लाल,
मग वर्तुळच गेलं.
"नोकरी सोडली," पडद्यानं कळवलं,
उद्या वारा वायव्येचा असेल, अशा आवाजात.

आमच्या बेटांवर उंट नाहीत,
तरी मेंढ्या हाकायला मी त्यावरच चढून बसले होते.

त्रेपन्न आठवडे. खर्च दीडपट.
आस्गर म्हणाला, "छान! आता कळलं ना?"

दुसऱ्या फेरीआधी हानुसनं हात वर केला:
"यात धुकं कुठं आहे?"
"जोखमींच्या तक्त्यात. बारा टक्के."
"धुकं टक्क्यांनी येत नाही," हानुस म्हणाला,
आणि हात खाली घेतला.
बारा टक्के तसेच राहिले.
एकेचाळीस आठवड्यांत भिंत उभी राहिली,
सातची पट्टी शेवटपर्यंत पिवळी.
टाळ्या झाल्या. आस्गरनं लॅपटॉप मिटला.
पाचचं विमान, साडेसातची गाडी,
साडेआठला मुलीच्या वाढदिवसाचा केक.
सगळं असं रचलेलं
की मध्ये सुई शिरू नये.

खिडकीतून आधी डोंगर गेला.
मग चर्चचा कळस.
मग वाहनतळावरच्या गाड्या, एकेक करून,
कुणीतरी खोडरबर फिरवल्यासारख्या.
फोनवर विमानतळाची दोन ओळींची सूचना आली.
कुणी हसलं नाही.
हानुस खाली गेला आणि गाडीतून
वाऱ्यावर वाळवलेलं मटण घेऊन आला,
सुरीनं पातळ काप काढून त्यानं आस्गरसमोर ठेवले.
"किती वेळ राहील हे?"
"मटण? हिवाळाभर."
"धुकं."
"ते त्याला विचार."

तिसरा दिवस कुणाच्याच वेळापत्रकात नव्हता.
दार उघडं होतं, यंत्रं चालू होती,
म्हणून आणखी एक फेरी खेळलो.
या वेळी माझ्या खुर्चीत आस्गर.
त्यानं तीन आठवडे कोरे सोडले.
चौकट कोरी चालेना, यंत्र नाव मागत राहिलं.
"काय लिहू?" मी विचारलं.
तो बराच वेळ पडद्याकडं बघत राहिला.
मला शाळेतली बेरीज आठवली,
आकड्याच्या डोक्यावर बारीक लिहायचा तो एक,
जो उत्तरात दिसत नाही आणि विसरला की उत्तर चुकतं.
मी टंकलं: हातचा.
त्रेचाळीस आठवडे लागले. यंत्रानं लाल ठपका दिला.
सात मात्र होता. हिरवा नव्हे, पण होता.

आस्गरचं विमान कधी उडालं, मला माहीत नाही.
मी तेव्हा धक्क्यावर होते,
वेल्डर थोर्लाइवला विचारत होते,
डोंगरावरून मेंढ्या कधी उतरवायच्यात यंदा.
तो आधी संशयानं बघत राहिला,
मग म्हणाला, ऑक्टोबरचा दुसरा आठवडा,
धुकं नसलं तर.
मी वही काढली. त्या आठवड्याच्या डोक्यावर
पेन्सिलीनं,
बारीक.