पेन्सिलीची जाडी

खुर्ची तीच, टेबल तेच, दारातला शिपाईही तोच,
फक्त त्याच्या दंडावरची पट्टी नवी.
भिंतीवर जिथे सम्राटाची तसबीर होती
तिथे आता एक फिकट चौकोन,
चौकोनात कुणीच नाही.
कॅप्टन लिंडक्विस्ट त्याच्याकडे बघत
भाजके शेंगदाणे खातो
आणि मला विचारतो,
“मिन, या लोकांना नेमकं हवंय काय?”

मी मिन ग्योंग-रोक.
मिशनच्या शाळेत तीन वर्षं इंग्रजी,
त्यातलं निम्मं प्रार्थनेचं.
अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालेला माणूस.
तरी या जिल्ह्याचं सरकार
माझ्या जिभेवरून ये-जा करतं.
तांदळाची वसुली, रात्रीची संचारबंदी, कॉलऱ्याची लस,
सगळं आधी माझ्या तोंडात येतं
आणि मग त्याचा हुकूम होतो.

सेम्गोलची ओ बोंग-रे आली ती मंगळवारी.
पायांत गवताचे जोडे, हातात रिकामा तुंबा.
घर अलीकडे, म्हणाली, विहीर पलीकडे.
मध्ये तेवीस पावलं.
गेल्या कापणीपर्यंत ती पावलं माझी होती.

कॅप्टनने नकाशा पसरला.
तो वाईट माणूस नाही. खरंच नाही.
लाल पेन्सिल त्याने ओठांत ओली केली,
पट्टी धरली,
आणि अडतिसावी रेघ पुन्हा एकदा गिरवली,
जणू ती पुसट झाली म्हणूनच तंटे होतायत.
मग सेम्गोल शोधलं. सापडेना.
“रेघेखाली असेल, सर,” मी म्हणालो.

ही रेघ खरी केवढी? बोंग-रेने विचारलं.
कॅप्टनने कोपऱ्यातलं प्रमाण पाहिलं, बोटांवर हिशेब केला.
जमिनीवर साधारण साडेतीनशे पावलं.

ती बराच वेळ वाकून बघत राहिली.
मग जे म्हणाली
ते मला शब्द न् शब्द आठवतं,
कारण ते मी पुढे पोचवलं नाही:
“म्हणजे मी, माझं घर, माझी विहीर,
जिनसेंगच्या वाफ्यामागे पुरलेला माझा नवरा,
आम्ही सगळे पेन्सिलीच्या आत राहतो.
तिथे कुणाचं सरकार आहे?
कुणाचंच नसेल तर बरंय.
साहेबांना म्हणावं, पेन्सिल अजून जरा बोथट करा.”

कॅप्टन माझ्याकडे बघत होता.
शेंगदाणा हातातच.
“थँक्यू म्हणतेय,” मी सांगितलं.

परवाना निघाला. तीन प्रती, दोन भाषा, एक शिक्का.
सूर्योदय ते सूर्यास्त, दोन घडे पाणी.
पलीकडचे हा शिक्का मानत नाहीत
हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.
तळ्यात, मळ्यात.
पोरांच्या खेळात चुकलेला नुसता बाद होतो.

तिने कागदाची घडी तुंब्यात टाकली.
दाराशी थांबली. थँक्यू हा शब्द
आता जीपमागे धावणारी पोरंही ओरडतात,
हे मी विसरलो होतो.
“आधीच्या साहेबांच्या वेळीही,” ती हळूच म्हणाली,
“मध्ये तूच बसायचास ना?
माझं नाव बदललं, भांडी नेली, थोरल्याला खाणीत नेलं,
तेव्हाही मी
आभारच मानले होते का रे?”

शिपायाने दार लोटलं.
“आता काय म्हणाली?” कॅप्टनने विचारलं.

मी त्याला पेन्सिलीला टोक काढून दिलं.