साडेसात इंच

ट्रकच्या पाठीवर घर चढवलं
तेव्हा दाराचा उंबरठा जमिनीपासून साडेसदतीस इंचांवर गेला.
विकणाऱ्याने घडीची एक शिडी फुकट दिली होती,
उघडताना कुरकुरायची, पाय ठेवला की डुलायची.
आर्डिस म्हणाली, "ही माझ्याआधीच पिऊन आलेली दिसते."

उतावळा नवरा मी,
पण बाशिंग बांधायचा गुडघा तिचा,
डावा, बिलिंग्जच्या डॉक्टरांनी बदललेला.

म्हणून जानेवारीत, मिल्क नदी दगड होऊन पडलेली असताना,
स्वयंपाकघरात फळ्या रचल्या.
सिंकची कड धर, म्हटलं, आणि चढ.
सहा इंचांवर ती थोरवाल्डच्या गाईंबद्दल बोलत होती.
सातावर गाई, आणि थोरवाल्डची सून.
नवावर गप्प.
सिंकवरची बोटं पांढरी पडली
आणि म्हणाली, "ठीक आहे की."
मी एकेक पातळ फळी काढत गेलो
सून परत येईपर्यंत.
साडेसात.
ज्या उंचीला बोलणं तुटत नाही
ती पायरीची उंची.
पाच चढ, साडेसाती साडेसदतीस,
हिशेब इतका चपखल बसला की मलाच शंका आली.

धान्याच्या कोठारांवर चाळीस वर्षं शिड्या दुरुस्त केल्या मी.
पाय मोजत नाही, सवयीने चालतो,
एखादी पायरी अर्ध्या इंचाने खोटं बोलली
की तो तिथेच फसतो.
माझ्या चारही पायऱ्या खऱ्या होत्या.
अॅल्युमिनियमची जाळी लावली, चिखल, बर्फ खाली गळून जावा म्हणून.
तर टिली चढेना.
चौदा वर्षांची कुत्री, जाळीतून खालचं दिसतं म्हणून भेदरलेली.
रबर लावलं तर त्यावर बर्फ धरतो.
शेवटी डावी कड टिलीची, रबराची,
उरलेली आमची.

कठडा एकाच बाजूला पुरे, मी म्हटलं,
उतरताना तोंड घराकडे ठेवायचं,
म्हणजे हात तोच राहतो.
"बापाचं घर सोडलं तेव्हा मी मागे बघत उतरले नाही,
आता काय उतरणार?"
दोन कठडे लागले.

मे महिन्यात निघालो.
फोर्ट पेकच्या तळ्याकाठी पहिला मुक्काम,
उतरती जागा, वरून कोरडी, आतून ओली.
पायऱ्यांच्या पायांना खिळी होत्या, हवे तेवढे लांब करायला,
तळाला बशीएवढ्या थाळ्या,
सगळं होतं.
रात्री दोनला लघवीला उठलो,
चार पायऱ्या उतरलो आणि पाचवी
जिथे असायला हवी तिथे नव्हती.
चार मी केल्या होत्या,
पाचवी जमिनीची. ती कुणाला विचारून बसत नाही.

आर्डिस टॉर्च घेऊन दारात आली, आधी हसली.
मग हसणं थांबवून
तिसऱ्या पायरीवर बसली, कठडा धरून,
माझा घोटा सुजेपर्यंत तिथेच.
सकाळी काठावरून एक चपटा दगड आणला,
ढकलत, लोळवत, शिव्या देत,
आणि पायऱ्यांपुढे चिखलात दाबला.

तो दगड आता आमच्याबरोबर फिरतो,
पाण्याच्या टाकीशेजारी, जुन्या टॉवेलात गुंडाळलेला.
निघताना ती ओरडते, "पायऱ्या?"
मी ओरडतो, "वर!"
(एकदा उत्तर न देताच निघालो होतो,
तो ओरखडा मागच्या बंपरवर आहे, दाखवेन.)

कुठेही थांबलो की ती आधी दगडावर उभी राहून डुलून बघते,
मग चढते,
आणि मी इंजिन बंद करून ऐकतो.
थोरवाल्ड गेला, गाई विकल्या,
सुनेच्या गोष्टी मात्र संपत नाहीत.

परवा तिसऱ्या पायरीवर
सून वाक्याच्या मध्येच थांबली.
मी काही बोललो नाही.
सीटखाली हात घालून
मोजायची टेप शोधत होतो.