विशेष काही नाही

इथे वसंत सप्टेंबरात येतो,
तोही पावसाची परवानगी काढून.
चिलोए बेटावर आम्ही त्याला उजेडावरून नाही,
चिखलावरून ओळखतो:
गमबूट रुततो, पण बाहेर येताना
आता कर्रकन वाजत नाही,
पचकन हसतो.

आठवडाभर माझे हात सामन माशाच्या कारखान्यात.
दोन-दोन हातमोजे, वर बर्फ, खाली सुरी,
तासाला किती मासे, ते भिंतीवरचा आकडा सांगतो.
रविवारी मोजे दारामागच्या खिळ्याला
आणि बोटं उघडीवाघडी थेट मातीत.
गार लागतं. लागू दे.
हा गारवा माझ्या ओळखीचा आहे.

खाटेखालचं खोकं ओढून काढते.
सगळा हिवाळा मी ह्या बटाट्यांवर झोपले
आणि त्यांनी अंधारातच ठरवून टाकलं:
उंदराच्या कानाएवढे
जांभळे, गुबगुबीत कोंब.
एकेक उचलायचा,
काठोकाठ भरलेला कप न्यावा तसा,
आणि कोंब वर करून सरीत ठेवायचा.
एक तांबडा, एक काळपट,
एक वाकडा, ज्याचं नाव मला कुणी सांगितलं नाही
आणि मीही विचारलं नाही.
त्याला कुंपणाजवळची जागा.

खताला समुद्र आहे.
ओहोटी लागली की ढकलगाडी घेऊन उतरायचं,
शेवाळाच्या ओल्या झिंज्या भरून आणायच्या.
दोन दिवसांनी असा वास सुटतो
की शेजारचा म्हातारा एलिसेओ बार्रिया खिडकी लावून घेतो,
आणि तिसऱ्या दिवशी स्वतःच येऊन विचारतो,
"उरलंय का थोडं?"
उरलेलं नसतं. तरी देते.
बदल्यात त्याची कोंबडी माझ्या लसणीत
दिवसभर संशोधन करते.

चुकाओ पक्षी उजवीकडे ओरडला तर शुभ,
डावीकडे ओरडला तर माघारी फिरावं म्हणतात.
आज डावीकडून ओरडला.
मी वाफ्यातच तोंड फिरवून बसले
आणि काम चालू ठेवलं.

तण उपटण्यातही एक सुख आहे, चारचौघांत सांगण्यासारखं नाही:
मूळ तुटणार, तुटणार असं वाटतं
आणि सबंध हातात येतं, पांढरं, लांबलचक,
जुन्या भांडणाचं खरं कारण सापडावं तसं.

संध्याकाळी, पाऊस पुन्हा लागायच्या आत,
मागच्या रविवारचा वाटाणा बघून घेते.
माती एका जागी जराशी उचललेली,
झाकणाखाली दूध वर यावं तशी.
बोट लावायचं नसतं.
लावते. जरासंच.

रात्री पुंता आरेनासहून भावाचा फोन.
त्याच्याकडे वारा, माझ्याकडे पाऊस,
मध्ये सगळी खरखर.
"काय विशेष, ओतिलिया?"
नखांतली काळी रेघ मी दिव्याखाली धरते.
कितीही घासली तरी उद्या सहाच्या पाळीला
ती मोज्यांच्या आत माझ्याबरोबर येणार.
"विशेष काही नाही," मी म्हणते.
"वाटाणा येतोय."
"दिसला?"
"अजून नाही."