वीण

बोरीच्या बेचक्यात भुसा दिसला
तेव्हा मी वाळवी म्हणाले.
दुकानातून पांढरी पूड आणली,
आळ्यात ओतली, हात धुतले, विसरले.
भुसा वाढत गेला.
तांबूस, दाणेदार,
कुणी फांदीवर बसून रोज थोडी
सुपारी कातरावी तसा.

मग मागच्या ओळीतले पेंटप्पा आले, येमूलांचे.
छत्तीस वर्षं जेकार्डवर उभे राहिलेले,
उजवा कान मागाला दिलेला,
डावा अर्धा शिल्लक.
चष्मा कपाळावर चढवून
त्यांनी नाक सालीला टेकवलं.
"वाळवी न्हाई की ओ, मास्तरीणबाई.
वाळवीचं काम मातीचं. बोट लावलं की ढासळतंय.
हे दाबून बघा."

ढासळलं नाही.
नखानं त्यांनी एक कड उचलली
आणि फांदीवरून पट्टा सुटत आला,
वीतभर, नागमोडी,
बाहेरून भुसा आणि लेंड्या चिकटवलेला,
आतून चकचकीत.
खाली साल नव्हती.
खाली झाडाचं ओलं, पिवळट अंग.

पट्टा त्यांनी उन्हात धरला.
घाई मला होती.
ते दोन बोटांत घोळवत राहिले,
माल उचलण्याआधी
टॉवेलचा काठ बघतात तसा.
"रेशीम हाय. ताणा न्हाई, बाणा न्हाई,
पण कुठं गाठ दिसती का बघा."

दिवसभर ही अळी भोकात.
अंधार पडला की बाहेर,
आपणच विणलेल्या छपराखालून
साल खात खात जायची,
उजाडायच्या आत माघारी.
"म्हंजे रातपाळी," पेंटप्पा म्हणाले,
आणि पट्टा खिशात ठेवून
बराच वेळ बोलले नाहीत.
साखर पेठेतल्या त्यांच्या शेडला
दिवाळीपासून कुलूप होतं.

औषध नागमणीबाईंनी दिलं.
विड्या वळता वळता मांडीवरचं सूप पुढं सरकवलं.
चाळून उरलेली तंबाखूची धूळ,
रात्रभर भिजवून सकाळी उकळायची,
वर कपड्याच्या साबणाचा तुकडा.
दोन दिवस आमचं घर शिंकत होतं.

आधी पट्टे खरडायचे, सगळे,
जुन्या खराट्यानं खोड लख्ख करायचं.
त्याशिवाय भोक सापडत नाही.
भोक असतं पेन्सिलीएवढं,
दोन फांद्या फुटतात तिथं, आणि आत एकटीच.
आम्ही सात मोजली.

सायकलची तार माझ्या हातात होती.
चार बोटं आत गेली
आणि काहीतरी मऊ लागलं.
मऊपण तारेतूनही कळतं
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
"थांबू नका," पेंटप्पा म्हणाले.
मी थांबले होते.
तार त्यांनी घेतली.

मग काढ्यात बुडवलेला कापसाचा बोळा,
वर काळ्या मातीचा लिंपा, अंगठ्यानं दाबलेला.
सात भोकं, सात अंगठे.
बोर लगेच हिरवीगार झाली वगैरे काही नाही.
त्या वर्षी बोरं लागली ती बारीक, तुरट.
शाळेतल्या पोरांनी तरीही झोडपली.

दहाव्या दिवशी सहा लिंपे वाळून तडकले होते.
सातव्याखाली
चिमूटभर ताजा भुसा.

रात्री साडेदहाला पेंटप्पा आले, बनियनवर.
मी बॅटरी लावू लागले तर हात आडवा धरला.
डावा कान सालीला लावून
उभे राहिले, डोळे मिटून,
एक पाय किंचित पुढं,
पायपट्टीवर ठेवावा तसा.

काही ऐकू येतंय का, मी विचारलं.
दोनदा विचारावं लागलं.

"न्हाई," ते म्हणाले. "पण चालू हाय."

आणि मागं न बघता
तारेसाठी हात पसरला.